वहिनीसाहेबांची सही

नगर जिल्ह्याचं राजकारण सोयऱ्याधायऱ्यांचं, असं जिल्ह्यातली माणसंच म्हणतात आणि त्याला गमतीनं ‘सोधा पक्ष’ असं नावही देतात. साखर कारखाना, सोसायटी, बँक आणि शिक्षणसंस्था यांच्या आधारानं इथली घराणी उभी राहिली. पूर्वी त्यांच्या पत्रिकांवर आणि फलकांवर ‘सौ.’ एवढ्यापुरती दिसणारी नावं आता मतपत्रिकेवर दिसतात. लोणीच्या विखे घराण्यातल्या शालिनीताई २०१७ मध्ये जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर आल्या राजश्री घुले, शेवगावचे माजी आमदार चंद्रशेखर घुले यांच्या पत्नी. कोपरगावला स्नेहलता कोल्हे, शेवगाव-पाथर्डीला मोनिका राजळे, संगमनेरच्या माजी नगराध्यक्ष दुर्गा तांबे, पारनेरला उमेदवार म्हणून राणी लंके. यादी पक्षांच्या सीमा ओलांडून जाते.

यावर मतं दोन आहेत आणि दोन्ही एकाच घरात सापडतात. पुढच्या संवादातल्या दोघी काल्पनिक आहेत. वहिनी नेवासा तालुक्यातल्या एका माजी पंचायत समिती सभापतींच्या पत्नी. ताई त्यांची धाकटी नणंद, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. त्यांचा जिल्हा परिषद गट महिलांसाठी राखीव झाला आहे आणि कार्यकर्ते वहिनींचं नाव घेऊ लागले आहेत.

ताई : वहिनी, खरं सांगा. उभं राहायचं तुमच्या मनात आहे की दादाच्या?

वहिनी : तुमच्या दादांना पहिल्यांदा तिकीट मिळालं तेव्हा कुणी विचारलं होतं का, की तुमच्या मनात आहे की वडिलांच्या?

ताई : विचारायला हवं होतं. तेव्हा नाही विचारलं म्हणून आता विचारते.

वहिनी : आता विचारता, कारण आता बाई आहे. कारखानदाराचा मुलगा संचालक झाला की त्याला वारसा म्हणतात. सून झाली की बाहुली म्हणतात.

ताई : मी दोघांनाही नावं ठेवते. पण मुलगा निदान खुल्या जागेवर उभा राहतो. तुम्ही राखीव जागेवर उभ्या राहणार. ती जागा घरातली सत्ता घरात ठेवायला काढलेली नाही. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली तेव्हा मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होते. एक तृतीयांश जागा बायकांना, हे फळ्यावर लिहिताना हात थरथरला होता माझा. २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. कशासाठी? जिला कुणी विचारत नव्हतं तिला बोलता यावं म्हणून. आपल्या गटात एक बाई आहे, पंधरा वर्षं बचत गट चालवते. बँकेतल्या साहेबाशी भांडून कर्ज मंजूर करून घेते. प्रत्येक सभेत सतरंज्या तिनं उचलल्या. आरक्षण निघालं आणि तिकीट तुमच्या दारात आलं.

वहिनी : ती माझ्याच ओट्यावर बसून फॉर्म भरायला शिकली, ताई.

ताई : म्हणून ती कायम ओट्यावरच बसायची का?

वहिनी : नाही. पण तुम्ही ओटा पाहिलाय, ओट्यामागचं काम पाहिलं नाही. माहेरपणाला येता तेव्हा तुम्हाला गर्दी दिसते. ती गर्दी रोज सकाळी साडेसहाला येते. एकाची डीपी जळाली म्हणून मोटार बंद आहे, एकाच्या शेतात आवर्तनाचं पाणी पोचलं नाही, एकाच्या उसाला तोड येत नाही. कुणाचा बाप सिव्हिल हॉस्पिटलात आणलाय आणि खाट मिळत नाही. तुमचे दादा तेव्हा मुंबईला किंवा बैठकीला. ऐकून घेणारी मी. कुणाला कोणत्या साहेबाकडे पाठवायचं, कुणाला चहा देऊन समजूत घालून परत पाठवायचं, कुणाच्या डोळ्यांत पाणी खरं आहे, हे ठरवणारी मी. लग्नसराईत एका तिथीला दहा-दहा लग्नं. निम्म्या मांडवांत ते, निम्म्यांत मी. दहाव्याला घाटावर ते, पण त्या घरात बायकांजवळ जाऊन बसायला मी. दुष्काळात चारा छावणीवर हे फेटा बांधून उभे राहिले, फोटो आला. छावणीतल्या बायकांना आंघोळीला आडोसा नाही, हे माझ्या कानावर आलं.

ताई : हे मी नाकारत नाही. दादाची निम्मी मतं तुमची आहेत, असं मीच आईला म्हणायचे.

वहिनी : मग निम्म्या मतांची मालकीण एका फॉर्मवर सही करायला निघाली तर घराणेशाही कशी?

ताई : कारण काम तुम्ही केलंत, पण करायला मिळालं नात्यामुळे. ती गर्दी तुमच्या ओट्यावर आली कारण तो ओटा सभापतींचा होता. तसा ओटा त्या बचत गटवालीला कुणी दिला नाही. तुमच्याकडे गुण नाहीत असं मी म्हणत नाही. गुण दाखवायची जागा तुम्हाला लग्नात मिळाली, एवढंच म्हणते.

वहिनी : आणि लग्नात काय काय गेलं? निवडणुकीच्या अर्जासोबत प्रतिज्ञापत्र असतं. त्यात पत्नीचं सोनं, पत्नीच्या नावची जमीन, पत्नीच्या खात्यातली रक्कम लिहावी लागते. माझ्या माहेरच्या पाटल्यांचं वजन सगळ्या तालुक्याला माहीत आहे. मी तेव्हा कुठल्याच पदावर नव्हते. विरोधकाला सभेत बोलायला विषय नसला की माझी साडी विषय व्हायची. म्हणजे सार्वजनिक आयुष्य माझ्या वाट्याला आलंच होतं. फक्त त्यात मला बोलता येत नव्हतं.

ताई : हे मात्र खरं आहे. पतीच्या पदाची उन्हं बायकोच्या अंगावर येतात, हे मी किल्ल्याच्या गोष्टीवरून मुलांना शिकवलंय.

वहिनी : भुईकोट किल्ला? तिथं नेहरू होते, एवढंच आम्हाला शाळेत शिकवलं.

ताई : सगळ्यांना तेवढंच शिकवतात. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीतले बाराजण तिथं आणून ठेवले. मौलाना आझाद काँग्रेसचे अध्यक्ष, म्हणून तेही. त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी. १९४३ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, आझाद इथंच कोठडीत. जेलच्या अधिकाऱ्यानं सुचवलं होतं, की विनंती केलीत तर सरकार विचार करेल. त्यांनी विनंती केली नाही. पुढं त्यांच्या उर्दू पत्रांच्या संग्रहात हे दुःख आलं.

वहिनी : इंग्रजांपुढं हात पसरायचा नाही, हा निर्णय त्यांचा. किंमत मात्र तिची.

ताई : मीही पूर्वी असंच म्हणायचे. पण ती बाई नुसती किंमत मोजणारी नव्हती. १९२२ मध्ये आझादांना वर्षाची शिक्षा झाली तेव्हा तिनं गांधीजींना तार केली होती, की शिक्षा अपेक्षेपेक्षा कमी आहे आणि बंगाल खिलाफत कमिटीचं त्यांचं काम आता मी बघेन. एवढी खमकी बाई, आणि इतिहासात तिची ओळख आजारी पत्नी म्हणून राहिली.

वहिनी : पाहिलंत? म्हणजे काम केलं, पण पद नाही म्हणून नोंद नाही. हेच मी म्हणते.

ताई : थांबा, त्याच किल्ल्यातल्या आणखी दोन नवऱ्यांच्या बायका ऐका. असफ अली आत होते. त्यांच्या पत्नी अरुणा यांनी ९ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर तिरंगा फडकवला आणि त्या भूमिगत झाल्या. सरकारनं त्यांच्या मालमत्तेवर जप्ती आणली, पकडून देणाऱ्याला पाच हजारांचं बक्षीस लावलं. गांधीजींनी हजर व्हा म्हणून सांगितलं, तरी झाल्या नाहीत. आपल्या नगरचे अच्युतराव पटवर्धन याच भूमिगत फळीत होते. नवरा नगरच्या किल्ल्यात कैद आणि बायको नगरच्या माणसाबरोबर सरकारला गुंगारा देतेय! पुढं १९५८ मध्ये त्या दिल्लीच्या महापौर झाल्या.

वहिनी : आणि दुसऱ्या?

ताई : सुचेता कृपलानी. आचार्य कृपलानी किल्ल्यात, सुचेताबाई बाहेर भूमिगत. पण मला त्यांची पुढची गोष्ट आवडते. १९६३ च्या ऑगस्टमध्ये कृपलानींनी नेहरू सरकारविरुद्ध लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव मांडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुचेताबाई काँग्रेसच्या उत्तर प्रदेशाच्या मुख्यमंत्री झाल्या, देशातल्या पहिल्या महिला मुख्यमंत्री. नवरा त्याच पक्षाचं सरकार पाडायला निघालेला आणि बायको त्या पक्षाचं राज्य चालवतेय. वहिनी, आपल्या जिल्ह्यात दाखवा असं एक जोडपं. आपल्याकडं नवऱ्यानं पक्ष बदलला की बायकोच्या गळ्यातलं उपरणं त्याच संध्याकाळी बदलतं.

वहिनी : बदलतं. पण सुचेताबाईंना शिक्षण होतं, स्वतःचं नाव होतं. लग्नाआधीच त्या बनारसला शिकवत होत्या. खेड्यातल्या बाईला पहिल्याच दिवशी नवऱ्याविरुद्ध मत द्या म्हणता?

ताई : पहिल्या दिवशी नाही. कधीतरी.

वहिनी : मग ‘कधीतरी’ची उदाहरणं इथंच आहेत. मोनिका राजळे २०१४ मध्ये आमदार झाल्या तेव्हा राजीव राजळे हयात होते. लोक म्हणाले, खरा आमदार घरात आहे. २०१७ मध्ये ते गेले. २०१९ मध्ये आणि परत २०२४ मध्ये लोकांनी बाईंनाच निवडून दिलं. आता त्यांच्यामागे कोण उभं आहे म्हणायचं?

ताई : घराणं. आप्पासाहेब राजळेही आमदार होते. आणि २०१४ ला समोर कोण होतं? घुले. म्हणजे मतदारानं निवड केली ती एका कारखान्याच्या घरातून दुसऱ्या कारखान्याच्या घरात.

वहिनी : पण निवड केली ना? मतदार काय खुळा आहे? कोपरगावला २०१९ मध्ये स्नेहलता कोल्हे आमदार असून पडल्या, अवघ्या ८२२ मतांनी. पारनेरला निलेश लंके २०२४ मध्ये खासदार झाले आणि त्यांच्या जागी राणी लंके विधानसभेला उभ्या राहिल्या. नवऱ्यानं त्याच वर्षी विखेंसारख्या घराण्याला हरवलं होतं, हवा होती. तरी काशिनाथ दाते निवडून आले. बायको म्हणून फुकट कुणी देत नाही, ताई.

ताई : फुकट नाही, पण रांगेत पुढं उभं करतात. तिकीट हीच खरी निवडणूक असते आणि ती बंद दाराआड होते. मतदाराला शेवटी दोन नावं दिसतात. तिसरं नाव, बचत गटवालीचं, यादीत येतच नाही.

वहिनी : तुम्ही चौंडीला जाता दरवर्षी. आपल्या जिल्ह्याचं नाव आता ज्यांच्या नावावर आहे त्या अहिल्यादेवी कुणाच्या पत्नी, कुणाच्या सून म्हणूनच होळकरांच्या दौलतीत आल्या ना?

ताई : आल्या सून म्हणून. पण खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गेले, त्याच्या आधीपासून मल्हारराव सुनेकडून कारभार करवून घेत होते. मोहिमेवरून पत्रं पाठवायचे, तोफा, दारूगोळा, हिशोब. त्या शिकल्या आणि ठरवत गेल्या. १७६७ पासून १७९५ पर्यंत दौलत त्यांनी चालवली. त्यांच्या निवाड्यांवर सासऱ्याची सही नव्हती. आणि एक विसरू नका, तेव्हा राज्य वारशानंच मिळायचं. आता मतानं मिळायचं आहे.

वहिनी : मग मल्हाररावांसारखं घरानं बाईला शिकवायचं, हे तुम्हाला मान्य आहे.

ताई : शिकवायचं मान्य आहे. शिकवून झाल्यावर बाजूला व्हायचं, हेही त्यातच आलं. आपल्याकडं तिथंच अडतं. शेजारच्या गावात सरपंच बाई आहेत. मी दाखल्यासाठी गेले. खुर्चीवर नवरा. म्हणाला, ‘मॅडम घरी आहेत, मीच बघतो.’ शिक्का त्याच्या खिशात. अशा लोकांनी कारभारात लुडबूड करू नये म्हणून शासनाची परिपत्रकं आहेत. भिंतीवर लावली की संपलं.

वहिनी : त्या सरपंच बाई माझ्याकडे येऊन रडल्या होत्या.

ताई : रडल्या, पण राजीनामा दिला नाही आणि शिक्काही मागितला नाही. ग्रामसभेत रस्त्याचा हिशोब मागितला तेव्हा म्हणाल्या, मला माहीत नाही, ह्यांना विचारा. ‘ह्यांना’ विचारलं तर ते म्हणाले, मी काय सरपंच आहे का? चार लाखांच्या रस्त्याचा जाब द्यायला कुणीच नाही! बाईला पद देऊन घरानं जबाबदारी उडवून लावायची सोय केली. वहिनी, मला भीती याचीच आहे.

वहिनी : आता मी तुम्हाला विचारते. शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन होण्याआधी तुमच्या शाळेतल्या किती बाई माझ्याकडे यायच्या?

ताई : यायच्या. मीच दोघींना आणलं होतं.

वहिनी : मी ह्यांच्या नावानं फोन करायचे. काम व्हायचं. एकीची सोयीच्या गावी बदली झाली, म्हणजे दुसरी कुणीतरी गैरसोयीच्या गावी गेली. त्या दुसरीनं जाब कुणाला विचारायचा होता? मला? मी तर कुणीच नव्हते. सभापतींना? त्यांना फोन झालेलाही माहीत नसायचा.

ताई : हे तुम्ही आज पहिल्यांदा बोललात.

वहिनी : कारण आज पहिल्यांदा कुणी विचारलं. तुमच्या रस्त्याच्या गोष्टीतल्या बाईकडे पद आहे आणि सत्ता नाही. माझ्याकडे सत्ता होती आणि पद नव्हतं. दोन्हीकडं लोकांचं एकच नुकसान, जाब द्यायला कुणी नाही. तुम्ही म्हणता मी ओट्यावर राहावं आणि खुर्ची दुसरीला मिळावी. पण ओटा बंद होणार नाही, ताई. ह्यांचं राजकारण चालू आहे तोवर सकाळी साडेसहाला माणसं येणारच. माझा शब्द चालणारच. मग तो शब्द कागदावर येऊ दे, सभेच्या इतिवृत्तात येऊ दे. चुकला तर माझं नाव घेऊन लोकांना विचारता येऊ दे.

ताई : पटतंय, पण अर्धंच. खुर्चीत बसल्यावर ओट्यावरचं वजन कमी होणार आहे का? उलट दोन्ही तुमच्याकडे येतील. बचत गटवालीला पूर्वी एका दारात जावं लागायचं, आता दोन्ही दारांत तुम्हीच.

वहिनी : मग ती निवडून आली आणि ओट्यावर मी राहिले, तर तिचं काय होईल? प्रत्येक कामाला तिला माझ्याकडे यावं लागेल. खरं सांगा.

ताई : तेवढ्यासाठी तिला निवडून यायचीच गरज आहे. पहिलं वर्ष येईल. दुसऱ्या वर्षी तिला कळेल, की जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा नेवाशाच्या ओट्यावर भरत नाही. वहिनी, तुमची अडचण पदानं सुटेल, मान्य. तिची सुटणार नाही. आरक्षण दोघींसाठी आहे, पण आधी कुणासाठी, हा प्रश्न राहतोच.

वहिनी : राहतो. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पक्षानं तिला दिलं तर मी तिच्या प्रचाराला जाईन. पण पक्ष तिला देणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. समोरचा पक्षही कुणाची तरी सूनच काढणार.

ताई : म्हणून मग तुम्ही.

वहिनी : म्हणून मी, पण माझ्या अटींवर. त्या मी तुमच्या दादांना सांगितल्या आहेत. सभेला मी एकटी जाणार. हे गाडीतसुद्धा बसणार नाहीत. विषयपत्रिका आदल्या दिवशी मी वाचणार, समजली नाही तर तुम्ही समजावून सांगायची. सभापतीपदाची वेळ आली आणि मला ‘महिला व बालकल्याण’ पुढं केलं, तर मी विचारणार की अर्थ आणि बांधकाम का नाही. शिलाई मशीन वाटून फोटो काढायला मी पन्नाशीनंतर घराबाहेर पडत नाही.

ताई : आणि दादा एका बाजूला, तुम्ही एका बाजूला, असं मतदान आलं तर?

वहिनी : मुळा धरणाच्या पाण्यावरून येईलच तसं. हे कारखान्याच्या बाजूनं बोलतात. मी कालव्याच्या टेलच्या बायकांचं ऐकलंय.

ताई : तेव्हा काय करणार, हे आज लिहून द्याल?

वहिनी : लिहून देते. सही माझी, तारीख तुमची.

ताई : तरी एक सांगते. ती बचत गटवाली अपक्ष उभी राहिली तर माझं मत तिला आहे. तुम्ही माझ्या वहिनी असलात तरी.

वहिनी : द्या. सुचेताबाईंची गोष्ट तुम्हीच सांगितलीत, नात्यात मत वेगळं असू शकतं. पण मी निवडून आले तर एक करा. पाच वर्षं गटात जे चुकेल त्याचं पत्र जिल्हा परिषदेच्या पत्त्यावर माझ्या नावानं टाका. तुमच्या दादांना फोन करून ‘वहिनींना सांग’ म्हणू नका.